खाली सही कुणाची?

आमच्या महाविद्यालयात यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता – शाप की वरदान?' सूचनाफलकावरचा कागद वाचून मला हसू आलं. शाळेत 'विज्ञान – शाप की वरदान?' हा निबंध मी निदान चार वेळा लिहिला असेल. आधी वरदान, मग शाप आणि शेवटी 'सुरीनं भाजीही चिरता येते आणि गळाही' हे वाक्य. दहापैकी सात गुण ठरलेले! विज्ञानाच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्ता घालायची, एवढंच काम, असं म्हणून मी नाव देऊन टाकलं.

पण रात्री वही उघडून बसले आणि पेन पुढं सरकेना. या विषयावर माझ्याजवळ सांगण्यासारखं एक होतं आणि नेमकं तेच मी सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणींना नाही, आमच्या मराठीच्या मॅडमनाही नाही. ते सांगायचं तर आधी अण्णांविषयी सांगायला हवं.

अण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याच्या टपरीत ते अर्ज लिहायला बसतात. जुनी माणसं या धंद्याला अर्जनवीस म्हणत. आता लोक बाँड रायटर म्हणतात आणि अण्णांना नुसतंच 'रायटर'. दहावीला त्यांचं इंग्रजी गेलं ते गेलंच. मग टायपिंगचा क्लास लावला, मराठी तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा काढली आणि १९९४ साली हप्त्यानं एक जुनं गोदरेजचं मराठी मशीन घेऊन त्यांनी झाडाखाली टेबल मांडलं. त्या टेबलावर आमचं घर चाललं, आत्याचं लग्न झालं आणि आता माझं शिक्षण चाललं आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वीस किलोमीटरवरून एसटीचा पास काढून मी येते. कचेरी वाटेतच लागते. अण्णा मान वर करून बघतात, हसत नाहीत, पण त्या क्षणी त्यांच्यासमोर जो कुणी बसलेला असेल त्याला 'आमची पोरगी, बी.ए.ला आहे' हे सांगतातच. मला ते लांबूनही कळतं.

ते मशीन मला पुसटसं आठवतं. कार्बन घालून एकदम चार प्रती काढताना अण्णा बोटं आपटत आणि सारं टेबल हले. गोदरेजनं पहिला भारतीय टाईपरायटर १९५५ साली बनवला आणि २००९ च्या सुमारास ते बनवणं थांबवलं, हे मी अलीकडं वाचलं. अण्णांना ते वाचावं लागलं नाही. रिबन मिळेनाशी झाली तेव्हाच त्यांना कळलं. २०१० साली त्यांनी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, श्रीलिपी शिकले आणि पंधरा दिवसांत पूर्वीच्याच वेगानं टाईप करू लागले. बोटं तीच होती. फक्त पाटी बदलली.

म्हणजे यंत्र आलं की माणसाचं पोट गेलं, असं आमच्या घरात तरी सरळ घडलं नाही. कलकत्त्याला १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसवू नये म्हणून मोठा लढा दिला होता. पुढं संगणक आलाच आणि कारकुनाचं काम बदललं. टाईपरायटरनं हस्ताक्षराचं महत्त्व घालवलं, कॉम्प्युटरनं टाईपरायटर घालवला. पण एक गोष्ट दोन्ही वेळा अण्णांच्याच डोक्यात राहिली. मजकूर! काय लिहायचं, कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठलं मुळीच लिहायचं नाही – हे कुठलंच यंत्र सांगत नव्हतं.

हा मजकूर जुळवायला अण्णांना फार वेळ लागतो. सातबाऱ्यावर नाव चुकलं असो की वारस नोंद राहिली असो, ते आधी कागद मागत नाहीत. पक्षकाराला बाकावर बसवतात, पाणी देतात आणि विचारत राहतात. कागद कुणी आणला? तेव्हा तुम्ही कुठं होता? शेजारी कोण होतं? तुम्ही काय म्हणालात? अर्धा-अर्धा तास. मला लहानपणी या चौकशीचा कंटाळा येई, मोठेपणी राग येऊ लागला. एवढ्या वेळात तीन अर्ज झाले असते! एकदा मी बोलूनही दाखवलं. अण्णा म्हणाले, "कागद नंतर. आधी माणूस."

गेल्या दोन वर्षांत बाकावर बसणारी माणसं कमी झाली. पूर्वी बाजाराच्या दिवशी वीस-पंचवीस अर्ज होत, आता सात-आठ. तरणी पोरं फोनमध्ये बोलतात, 'रस्ता अडवल्याची तक्रार लिहून दे,' आणि मिनिटभरात दोन पानी अर्ज तयार. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं छापून घेतात. अण्णांकडं येतात ते फक्त अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे विचारायला आणि त्याचे पैसे अण्णा घेत नाहीत. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीचे पैसे भरायला अण्णांनी पतसंस्थेतली ठेव मोडली. हे त्यांनी मला सांगितलं नाही, आईनं सांगितलं.

आणि गंमत बघा, त्याच काळात मीही त्या यंत्राच्या प्रेमात होते. अण्णांची भाषा मला जुनाट वाटू लागली होती. 'कृपावंत होऊन न्याय मिळावा ही नम्र विनंती' – हे काय! यंत्राची भाषा कशी कोरीव, वजनदार, एखाद्या मोठ्या वकिलानं लिहावी तशी.

गेल्या श्रावणात अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस लिहिणं-वाचणं बंद, काळा चष्मा आणि घर. टपरी बंद ठेवली तर आहे ते गिऱ्हाईकही तुटेल, म्हणून कॉलेज सुटल्यावर मी जाऊन बसू लागले. तिसऱ्या दिवशी एक आजी आली. सत्तरीची असेल. हातातल्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला फेरफाराचा उतारा होता. नवरा वारलेला, मुलगा नाही, एकच मुलगी आणि ती लांब नांदते. सामाईक जमिनीची वाटणी दाखवून पुतण्यांनी नोंद करून घेतली होती आणि त्या नोंदीत आजीचं नावच नव्हतं. नोंद मंजूर होऊन बावन्न दिवस झाले होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अशा नोंदीविरुद्ध प्रांतांकडं अपील करता येतं आणि त्याला साठ दिवसांची मुदत असते. हे मला अण्णांमुळं तोंडपाठ होतं. आठच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी माझी चाचणी परीक्षा होती. आजी सावकाश बोलत होती. मध्येच नवऱ्याच्या आजारपणात शिरे, मध्येच म्हशीच्या गोष्टीत. मी उताऱ्यावरची नावं, गट नंबर, फेरफार नंबर फोनमध्ये घातले आणि 'प्रांताधिकाऱ्यांकडं अपील लिही' म्हणून सांगितलं. क्षणात अपील समोर! काय भाषा होती! 'नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांची पायमल्ली', 'अपिलार्थीच्या वैधानिक हक्कांचे हनन'... आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा हवाला, वर्षासकट. मी भारावून गेले. छापून घेतलं, आजीचा अंगठा पॅडवर टेकवून कागदावर उमटवला, बाजूला 'नि. डा. अं.' लिहिलं – निशाणी डावा अंगठा – आणि अंगठा घेणारी म्हणून खाली माझी सही केली. दीडशे रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी चाचणी झाल्यावर स्वतः प्रांत कचेरीत जाऊन दाखल करून आले. तिथल्या एका कारकुनानं पान उलटून बघितलं आणि म्हणाला, "रायटरपेक्षा पोरगी पुढची निघाली."

त्या संध्याकाळी मी मोठ्या दिमाखात अण्णांसमोर बसले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून स्थळप्रत मीच वाचून दाखवू लागले. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या परिच्छेदाशी त्यांनी हात वर केला.

"मावशीला नोटीस मिळाली नाही, कुठल्याही कागदावर तिनं अंगठा दिलेला नाही, असं लिहिलंस. हे तिनं सांगितलं?"

मी गप्प.

"नाही म्हणाली, की तू विचारलंच नाहीस?"

मी विचारलंच नव्हतं. यंत्रानंही मला विचारलं नव्हतं. असल्या अपिलांत बहुधा असंच लिहिलेलं असतं, म्हणून त्यानं तसं लिहिलं. बहुतेक आज्यांना नोटीस मिळालेली नसते, म्हणून या आजीलाही मिळालेली नसणार! आणि मी ते वाक्य दोनदा वाचून, भाषा चांगली आहे म्हणून पुढं गेले होते.

मग अण्णांनी त्या निकालाचं विचारलं. कुठल्या पुस्तकात बघितलास? रात्री दीड वाजेपर्यंत मी शोधत होते. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर, इकडं, तिकडं. तो निकाल कुठंच नव्हता. पक्षकारांची नावं होती, वर्ष होतं, क्रमांक होता. फक्त असा खटला कधी झालाच नव्हता. पुन्हा यंत्रालाच विचारलं, तर त्यानं नम्रपणे क्षमा मागितली आणि दुसरा एक निकाल सांगितला. तोही सापडेना. मला थंडी वाजू लागली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही आजीच्या गावी गेलो. धुरळ्यात जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अण्णांनी चष्म्यावरून उपरणं बांधलं. आजी गोठ्यात होती. अण्णा उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. तीच चौकशी, तीच चाल. अर्ध्या तासानं आजी म्हणाली, "आला हुता की कागद. पुतण्यानं आणला. निराधारच्या पगाराचा हाय म्हणला, म्हून म्या अंगठा दिला."

म्हणजे नोटीस आली होती. अंगठाही दिला होता. फसवून घेतलेला, पण दिलेला. सुनावणीत पुतण्यांनी तो अंगठ्याचा कागद पुढं केला असता तर? आजीची खरी तक्रार होती की मला फसवलं. आणि आमच्या अपिलात लिहिलं होतं की मी अंगठा दिलाच नाही. तिच्याच दुसऱ्या अंगठ्यानं तिचा पहिला अंगठा तिला खोटी पाडणार होता. खरं बोलणारी एक म्हातारी माझ्या त्या वजनदार भाषेमुळं खोटारडी ठरणार होती.

मी रडायला लागले. आजीलाच माझी दया आली. म्हणाली, "त्या मशिनीचं चुकलं आसंल, तू कशापायी रडतीस?" मला ते ऐकून बरं वाटलं. अण्णांना वाटलं नाही. परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "मशिनीचं नाव कागदावर नाही. खाली सही कुणाची आहे?"

सही माझी होती.

सत्तावन्नाव्या दिवशी आम्ही दुरुस्तीचा अर्ज दिला. खोटा हवाला काढून टाकला. अंगठा कसा घेतला गेला, कागद कुणी आणला, तेव्हा दारात कोण उभं होतं, हे आजीच्या शब्दांत लिहिलं. मजकूर अण्णांनी सांगितला, मी हातानं लिहून काढला. आजीला तो दोनदा वाचून दाखवला. दीडशे रुपये अण्णांनी परत केले. ती घेईना, तर म्हशीच्या पेंडीला म्हणून तिच्या ओच्यात टाकले.

या प्रकारानंतर मी ग्रंथालयात जाऊन या विषयावर मिळेल ते वाचू लागले. खरं सांगायचं तर आपल्यासारखं आणखी कुणी आहे का, हेच मी शोधत होते. निघाले, आणि माझ्याहून कितीतरी शिकलेले निघाले! न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीनं दिलेले निकाल तसेच न्यायालयात दाखल केले. त्यातले सहा निकाल मुळात अस्तित्वातच नव्हते. २०२३ च्या जूनमध्ये न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. दंड यंत्राला झाला नाही. ज्यांच्या सह्या, त्यांना झाला.

दुसरा दाखला कॅनडाचा. एका माणसाची आजी वारली. अशा प्रसंगी मिळणारी भाड्यातली सवलत नंतरही मागता येईल, असं एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर उत्तरं देणाऱ्या यंत्रानं त्याला सांगितलं. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता आणि कंपनीनं पैसे नाकारले. लवादापुढं कंपनीच्या म्हणण्याचा अर्थ असा निघत होता, की यंत्र काय बोललं त्याला यंत्रच जबाबदार! लवादानं २०२४ च्या फेब्रुवारीत ते साफ फेटाळलं. तुमच्या संकेतस्थळावर जे काही आहे त्याची जबाबदारी तुमची, असं सांगून भरपाई द्यायला लावली. हे वाचताना मला एसटीतले अण्णा आठवले. लवादानं कायद्याच्या भाषेत विचारलं तेच अण्णांनी विचारलं होतं.

आपला कायदाही बघता बघता इथंच येऊन थांबतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनं म्हटलं आहे, की संगणकानं निर्माण केलेल्या लेखनाचा कर्ता म्हणजे ते जो निर्माण करवतो तो माणूस. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातला कागद पुराव्यात द्यायचा तर त्यासोबत माणसाच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. केरळ उच्च न्यायालयानं २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं आणि निष्कर्ष काढायला किंवा निकाल द्यायला ही यंत्रं वापरू नयेत असं बजावलं. कायद्याला यंत्राचं वावडं आहे असं नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मराठीसह अनेक भाषांत आणण्यासाठी नोव्हेंबर २०१९ पासून 'सुवास' नावाचं भाषांतराचं यंत्र वापरात आलं. आजीसारखीच्या नातीला उद्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मराठीत वाचता येईल, ही केवढी मोठी गोष्ट! पण ते भाषांतरही माणसं तपासतात. तपासणारा आहे, म्हणून विश्वास आहे.

तपासणारा नसला की काय होतं, हे नेदरलँड्समध्ये दिसलं. तिथं मुलांच्या संगोपनासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. त्यात लबाडी करणारे कोण असतील, हे हेरायला करखात्यानं यंत्राची मदत घेतली आणि परदेशी नागरिकत्व हेही संशयाचं एक कारण धरलं गेलं. हजारो कुटुंबं घोटाळेबाज ठरली, मिळालेली सारी रक्कम त्यांच्याकडून परत मागण्यात आली. कित्येकांचे संसार मोडले. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. बहुतेक संशयित असे असतात, म्हणून हाही तसाच! मला माझं अपील आठवलं. बहुतेक आज्यांना नोटीस मिळालेली नसते, म्हणून हिलाही नाही. चूक एकाच जातीची. तिथं ती सरकारनं केली, इथं मी.

आता पोटाचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि खोटं उत्तर मी देणार नाही. टाईपरायटर गेला तेव्हा अण्णांच्या बोटांना दुसरी पाटी मिळाली. आता यंत्र मजकूरच जुळवू लागलं आहे, तर अण्णांनी आणखी कुठली पाटी घ्यायची? ही यंत्रं शिकली कुणाकडून? माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरातून. त्यात कुणा-कुणाचे अर्ज, बातम्या, कविता असतील. त्यांना कुणी विचारलं नाही. एएनआय या भारतीय वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो यासाठीच. आणि यंत्रानं घाणेरडं बोलू नये म्हणून त्याला शिकवायला केनियातली माणसं दिवसभर हिंसेची, अत्याचाराची वर्णनं वाचून त्यांवर खुणा करत होती. त्यांच्या हातात तासाला दोन डॉलरपेक्षाही कमी पडत, असं 'टाइम' नियतकालिकानं जानेवारी २०२३ मध्ये छापलं. ते वाचलं तेव्हा कळलं, की त्या झटपट उत्तरांमागंही कुठंतरी पत्र्याच्या टपऱ्या आहेत. फक्त त्या आपल्या वाटेत लागत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

कुणी म्हणेल, तुझ्या वडिलांचा धंदा बसला म्हणून तुझा यंत्रावर राग. तसं नाही. राग असता तर पहिला अण्णांना यायला हवा होता. डोळा बरा होईपर्यंत स्क्रीनकडं बघायचं नव्हतं, म्हणून मीच त्यांना फोनमध्ये बोलून लिहायला शिकवलं. पहिल्यांदा ते लाजले, मग रंगले. आता ते बोलतात आणि फोन लिहितो. मजकूर पक्का करायच्या आधी मात्र प्रत्येक ओळीखालून त्यांचं बोट फिरतं. अधूनमधून ते यंत्राला शंकाही विचारतात आणि उत्तर आलं की माझ्याकडं बघून म्हणतात, "हे कुठल्या पुस्तकात आहे ते बघ." यंत्राला ते शिव्या देत नाहीत. त्याचा शब्द मात्र ते बाकावरच्या कुठल्याही पक्षकाराचा घ्यावा तसा घेतात, म्हणजे चौकशी केल्याशिवाय नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी हेच सांगितलं. पाच मिनिटांची घंटा झाली तेव्हा मी अजून आजीच्या गोठ्यातच होते! न्यूयॉर्क, कॅनडा सगळं राहून गेलं. परीक्षक म्हणाले, "प्रसंग चांगला आहे, पण वक्त्यानं शाप की वरदान ते स्पष्ट केलं नाही." नंबर आला नाही. मला वाईट वाटलं, पण थोडंच. जे सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं ते दीडशे जणांसमोर बोलून झालं होतं.

'शाप की वरदान' हा प्रश्न तसा आपल्याला सोयीचा आहे. शाप देणारा कुणी ऋषी असतो, वर देणारा कुणी देव; आपण आपले हात बांधून उभे. अण्णांचा प्रश्न तसा नाही. तो आपल्याकडं बोट करतो. नोकरीचा अर्ज यंत्रानं नाकारला, तर सही कुणाची? म्हातारीचा पगार यंत्रानं बंद केला, तर सही कुणाची? आणि तुम्ही-आम्ही विद्यार्थी रात्री बाराला जे प्रकल्प यंत्राकडून लिहून घेऊन सकाळी सरांच्या टेबलावर ठेवतो, त्यांच्या खाली? तिथं तर आपण स्वतःच्या हातानं नाव लिहितो!

आजीच्या अपिलाचा निकाल अजून लागलेला नाही. दोन तारखा पडल्या, पुढची चैत्रात आहे. काय होईल ते सांगता येत नाही. खरं लिहिलं म्हणून जिंकतोच असं कचेरीत नसतं, हे अण्णांची मुलगी असल्यामुळं मला माहीत आहे. पण त्या दिवशी प्रांतांनी आजीला विचारलं, "हे तुम्हीच सांगितलं का?" तर ती मागं वळून न बघता "व्हय, म्याच सांगितलं" म्हणू शकेल. शेजारी मी उभी असेन. अंगठा घेणारी म्हणून खाली अजून माझीच सही आहे.